नोकरी सांभाळून कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी: नागपुरातील सव्वा वर्षाची आखणी

दिवसाला चारशे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, असे तीस आठवडे लिहिले की साठ हजार शब्द होतात. डेमी या पुस्तकांच्या प्रचलित आकाराच्या पानावर सरासरी २८० शब्द बसतात असे धरले, तर हा मजकूर सुमारे २१५ पाने भरतो आणि सुरुवातीची शीर्षकाची व अर्पणपत्रिकेची पाने मिळवून सोळा पानी १४ फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले कागद, होतात. मध्यम आकाराची मराठी कादंबरी साधारण एवढीच असते. हा हिशेब मी सर्वांत आधी मांडते, कारण लेखनाबद्दल विचारायला येणारे बहुतेक जण ‘वेळच मिळत नाही’ या वाक्याने सुरुवात करतात, आणि चारशे शब्द म्हणजे वहीची जेमतेम दोन-अडीच पाने, हे त्यांनी कधी मोजून पाहिलेले नसते. मी सत्तावीस वर्षे सरकारी कार्यालयात नोकरी करत लिहिले. या काळात माझ्या लक्षात आले, की वेळेच्या तुटवड्यापेक्षा कामांची सरमिसळ अधिक नुकसान करते. नवा मजकूर लिहिणे, लिहिलेले तपासणे, माहिती जमवणे, टंकन करणे आणि पत्रव्यवहार सांभाळणे ही पाच वेगळी कामे आहेत. ती एकाच बैठकीत करायला गेले की पाचही अर्धवट राहतात. म्हणून प्रत्येक कामाला दिवसातील एक वेळ आणि वर्षातील एक ऋतू ठरवून द्यावा, असे माझे सांगणे आहे.

वर्षाची आखणी

नागपुरात ही आखणी उन्हाळ्याकडे पाहून करावी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिला खर्डा सुरू केला, तर मृग लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेपर्यंत, तीस आठवडे हाती येतात. यांपैकी थंडीचे आठवडे सर्वांत सुपीक असतात, म्हणून डिसेंबर आणि जानेवारीत शनिवारीही लिहून दीड-दोन आठवड्यांचे काम पुढे काढून ठेवावे. मार्चअखेरीस कार्यालयात आणि घरी मुलांच्या परीक्षांत जे दिवस जातात, त्यांची भरपाई या शिलकीतून होते. जून-जुलैत खर्डा बाजूला ठेवावा, ऑगस्टपासून पुनर्लेखन करावे आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत हस्तलिखित प्रकाशकाकडे जाईल असे पाहावे.

या आखणीतील कठीण टप्पा एप्रिल-मेचा आहे, आणि योगायोग असा की कादंबरीचा कठीण भागही नेमका तेव्हाच येतो. पात्रे उभी राहिलेली असतात, पण शेवट अजून दिसत नसतो. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. दुपारी कूलरसमोर बसून लिहिण्याचा प्रयत्न मी अनेक वर्षे केला आणि त्यातून जे निघाले ते बहुतेक फाडावे लागले, कारण ओल्या हवेत कागद मऊ पडतात, झोप येते आणि कूलरच्या घरघरीत वाक्याचा नाद ऐकू येत नाही. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडते. साडेचारला उठून गच्चीवर किंवा गॅलरीत बसले तर साडेसहापर्यंत दोन तास निवांत मिळतात. मेअखेरच्या नवतप्याच्या, म्हणजे सर्वांत तापलेल्या, नऊ दिवसांत मात्र नवे लिहूच नये, तर आतापर्यंतच्या प्रकरणांची प्रसंगवार यादी करावी. ती पुढे पुनर्लेखनात लागतेच.

पहाटेची बैठक

नवा मजकूर पहाटेच लिहावा, हा माझा आग्रह आहे. रात्री लिहिणारे चांगले लेखक आहेत, परंतु नोकरदाराची रात्र दिवसभरातील बोलण्यांनी भरलेली असते आणि ती बोलणी पात्रांच्या तोंडी उतरू लागतात. पहाटेच्या बैठकीची तयारी आदल्या रात्री पाच मिनिटांत करावी. एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहाव्या: उद्याच्या प्रसंगात कोण आहे, त्याला काय हवे आहे, आणि ते मिळण्याच्या आड काय येते. चिठ्ठी वहीत खूण म्हणून ठेवावी आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. सकाळी कालच्या मजकुराचे फक्त शेवटचे पान वाचावे, त्यामागे जाऊ नये. मागे गेलेला लेखक दुरुस्तीत अडकतो आणि त्या दिवसाचे चारशे शब्द बुडतात.

मी पहिला खर्डा दोनशे पानी फुलस्केप रजिस्टरमध्ये हाताने लिहिते. उजव्या पानावर मजकूर, डावे पान कोरे. लिहिताना एखादी माहिती अडली, उदाहरणार्थ त्या वर्षी अमुक रस्त्यावरून बस जात होती की नाही, तर शोधायला न उठता समासात एक चौकोन काढायचा आणि पुढे जायचे. आठवड्याचे चौकोन शनिवारी दुपारी एकत्र सोडवायचे. बैठक संपल्यावर पानाच्या तळाशी तारीख आणि शब्दसंख्या लिहावी. संगणकावर थेट लिहिणाऱ्यांनीही हीच शिस्त पाळावी, फक्त रोजची फाइल वेगळ्या नावाने, तारखेसह जतन करावी, म्हणजे काल पुसलेला परिच्छेद आज हवासा वाटला तर तो सापडतो.

माहिती कशी गोळा करावी

माहितीसाठी वाचनालय लागतेच. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड चाळताना मुख्य बातमीपेक्षा जाहिराती, बाजारभाव आणि हवामानाची चौकट यांवर अधिक वेळ द्यावा, कारण कथेतील घराला लागणारा तपशील तिथे असतो. परंतु खरी माहिती माणसांकडून मिळते आणि ती विचारण्याची एक पद्धत आहे.

एक उदाहरण देते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. माझ्या एका कथेत ती रात्र होती. मी सुरुवातीला लोकांना विचारत असे, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ आणि उत्तर एकच येई, ‘खूप भीती वाटली.’ त्यातून कथेला काही मिळेना. मग मी प्रश्न बदलले. पाणी आधी समोरच्या दारातून आले की न्हाणीच्या मोरीतून? जाग कशाने आली? पलंगावर सर्वांत आधी काय उचलून ठेवले? एका बाईंनी सांगितले, की मोरीतून गुडगुड आवाज आला म्हणून त्या उठल्या आणि अंधारात पहिल्यांदा त्यांनी गव्हाची कोठी उचलायला पाहिली. ती उचलली गेली नाही, तेव्हा शेजारची शिलाई मशीन उचलली. बोलता बोलता त्यांनी मला कपाट दाखवले. लाकडावर कमरेच्या उंचीला मातकट रेघ तशीच होती आणि रेघेखालचे दार फुगून नीट लागत नव्हते. कथेत मी पुराचे वर्णन चार ओळींत आटोपले आणि न लागणाऱ्या त्या दाराला दीड पान दिले.

तेव्हा प्रश्न नेहमी हाताने केलेल्या कृतीबद्दल विचारावा. माणसाला भावना सांगताना शब्द सापडत नाहीत, कृती मात्र क्रमवार आठवते. ऐकताना सर्व टिपत बसू नये. घरी परतल्यावर, त्याच दिवशी, टाचणवहीत उतरवावे. ज्याच्याकडून ऐकले त्याची ओळख पटणार नाही इतके बदल करावेत: गाव, व्यवसाय आणि कुटुंबातील नाती, यांपैकी किमान दोन गोष्टी बदलल्याशिवाय तो प्रसंग कादंबरीत घालू नये. आपल्यावर विश्वासाने बोललेल्या माणसाला पुस्तकात स्वतःला ओळखून दुःख व्हावे, यापेक्षा वाईट गोष्ट लेखकाच्या हातून होणे कठीण.

संवादाची भाषा

नागपूरच्या लेखकाला सर्वांत अधिक मेहनत इथे करावी लागते, आणि सर्वांत अधिक आनंदही इथेच मिळतो. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या, पुढे मध्य प्रदेश झालेल्या राज्याच्या राजधानीचे शहर होते, त्यामुळे हिंदी इथल्या बाजारात, कचेरीत आणि घरांतही पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. एकाच घरात आजी ‘मले-तुले’ म्हणते, वडील ‘करून राहिलो’ म्हणतात आणि नात प्रमाण मराठीत सुरुवात करून वाक्याचा शेवट हिंदीत करते. ही तिन्ही बोलणी एकाच साच्यातून काढली तर ते घर पुण्याचे वाटते आणि तिन्ही सारखीच बोलीत घातली तर ते नाटकातले वाटते.

यासाठी प्रत्येक मुख्य पात्राची एक भाषापत्रिका करावी. एका पानावर त्या पात्राचे जन्मगाव, शाळेचे माध्यम, घरी बोलली जाणारी भाषा आणि तो कोणाशी कसा बोलतो हे लिहावे, आणि त्याखाली त्याच्या तोंडी येणारी सात-आठ ठरावीक रूपे नोंदवावीत. उदाहरणार्थ, माझ्या एका कादंबरीत इतवारीतील दुकानदार मुलगा आईचा निरोप घेतो. पहिल्या खर्ड्यात तो म्हणत होता, “आई, मी दुकानात जात आहे, तू जेवून घे.” हे वाक्य शुद्ध आहे, पण ते कोणाचेच नाही. पुनर्लेखनात ते असे झाले: “आई, मी दुकानात जाऊन राहिलो. तू जेवून घेजो.” आणि मूळची अकोल्याकडची आई उत्तर देते: “अर्धी पोळी तं खाऊन जा. तुह्या बापालेही अशीच घाई राहे.” आईच्या वाक्यात ‘तं’, ‘तुह्या’, ‘बापाले’ आणि ‘राहे’ अशी चार रूपे आहेत, मुलाच्या वाक्यांत दोनच. पिढीतील अंतर या संख्येतून दिसते, ते निवेदनात सांगावे लागत नाही. हाच मुलगा पुढे व्यापाऱ्याशी हिंदीत बोलतो आणि मुलीच्या शाळेत शिक्षकांसमोर जपून, जवळजवळ पुस्तकी मराठीत बोलतो. तिथे ‘राहिलो’ चुकून निसटले तर तो वरमतो. हा वरमण्याचा क्षण भाषापत्रिका नसती तर मला सुचला नसता.

निवेदनाची भाषा कोणती ठेवावी, हे पहिल्या प्रकरणातच ठरवावे आणि मग बदलू नये. प्रमाण मराठीत निवेदन असेल तर मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा लेखनविषयक नियमांची छोटी पुस्तिका टेबलावर असू द्यावी. त्यांतील चौदा नियम १९६२ साली आणि उरलेले चार १९७२ साली आले. बोलणे प्रत्यक्ष दाखवताना ते उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्या नियमांतच आहे, त्यामुळे मुद्रितशोधक संवादांतील ‘केलं’ चे ‘केले’ करू लागले तर लेखकाने नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणावे.

खर्डा मुरत असताना

मृगाच्या सुमारास खर्डा संपला की रजिस्टर कपाटात ठेवून किमान सहा आठवडे उघडू नये. हे सर्वांना माहीत असते आणि फार थोडे जण पाळतात, कारण हात रिकामा राहत नाही. त्यावर उपाय आपल्या परंपरेतच आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष दिवाळीशी बांधलेले आहे, आणि बहुतेक अंक जून ते ऑगस्टच्या दरम्यान साहित्य मागवतात. कादंबरी मुरत असताना याच काळात एक कथा लिहावी. ती अडीच-तीन हजार शब्दांची असावी आणि कादंबरीतील पात्रांशी तिचा संबंध नसावा. कथा पाठवण्यापूर्वी त्या अंकाचे गेल्या दोन वर्षांचे अंक वाचावेत. कथा एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावी, पाठवल्याची तारीख नोंदवहीत लिहावी, आणि त्यांनी कळवलेली मुदत उलटल्यावर एकदा विचारणा करूनच ती दुसरीकडे द्यावी. ‘साभार परत’ आलेल्या कथेवर आठवडाभर काही करू नये. नंतर ती मोठ्याने वाचून पाहावी.

पुनर्लेखन

ऑगस्टमध्ये रजिस्टरवरून टंकन सुरू करावे. टंकन करतानाच पहिले पुनर्लेखन होते, कारण कंटाळवाणे वाक्य पुन्हा टाइप करायला बोटे कुरकुरतात, आणि ती कुरकुर ऐकावी. त्यानंतर सबंध मजकूर एका बाजूने छापून घ्यावा आणि तीन वेगळ्या वाचनांत तीन वेगळ्या गोष्टी पाहाव्या. पहिल्या वाचनात फक्त काळ आणि ऋतू तपासावा: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली असेल, तर त्यानंतर आठवड्याने येणारा प्रसंग भर उन्हाळ्यातला असून चालत नाही. दुसऱ्या वाचनात संवाद भाषापत्रिकेशी ताडून पाहावेत. तिसऱ्या वाचनात फक्त ढोबळ वाक्ये शोधावीत. माझ्या खर्ड्यात वाक्य होते, “त्या दिवशी अतिशय ऊन होते आणि लोक हैराण झाले होते.” त्याऐवजी आता आहे, “दुपारी दोन वाजता बर्डीवर उभ्या केलेल्या दुचाकींच्या सीटांवर ओली फडकी टाकलेली होती.” दुसरे वाक्य लांब आहे, पण ते सीताबर्डीच्या त्या बाजाररस्त्यावर उभे राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

यानंतर हस्तलिखित दोन वाचकांना द्यावे. त्यांपैकी एक साहित्याच्या वर्तुळाबाहेरचा असावा. ‘आवडले का?’ असे विचारू नये, ‘कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलेत?’ असे विचारावे. शहरात साहित्यिक गाठीभेटींची उणीव नाही. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आणि त्याचे मुखपत्र ‘युगवाणी’ यांच्याशी नव्या लेखकाने परिचय ठेवावा. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही चौकशी करावी.

फाइल, प्रूफ आणि एक चूक

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छपाईच्या जुळणीसाठी अनेक ठिकाणी अजूनही वेगळे फॉन्ट वापरले जातात, आणि युनिकोडमधून त्यांत रूपांतर करताना रफार, अर्धा ‘र’ आणि काही जोडाक्षरे बिघडतात. माझ्या दुसऱ्या पुस्तकात असे रूपांतर झाले तेव्हा ‘तिचे कार्य संपले होते’ या वाक्यातील रफार गळून ‘तिचे काय संपले होते’ असे छापले गेले. मृत्यूच्या प्रसंगातील ते वाक्य होते. प्रूफ माझ्याकडे आले होते, मी ते संगणकाच्या पडद्यावर, रात्री अकरानंतर वाचले होते, आणि शब्द ओळखीचे असल्याने डोळा त्यांवरून घसरला. तेव्हापासून मी प्रूफ कागदावर घेते, ओळीखाली पट्टी धरते आणि रफाराच्या शब्दांची वेगळी यादी करून प्रत्येक जागा पाहते. मजकुराची पहिली आणि शेवटची प्रूफे दोन वेगळ्या माणसांनी वाचावीत. लेखक त्यांपैकी एकच असावा.

करार आणि हिशेब

हस्तलिखित स्वीकारले गेल्याच्या आनंदात करारपत्र वाचले जात नाही. माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी मी असेच एका पानाचे पत्र सही करून दिले, त्यात ‘सर्व हक्क’ एवढेच शब्द होते, आणि पुढे एका कथेचा हिंदी अनुवाद करायची वेळ आली तेव्हा मला स्वतःच्याच कथेसाठी परवानगी मागावी लागली. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाला बरेच संरक्षण देतो. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत धरला जातो, आणि वेगळे काही ठरले नसेल तर एक वर्षात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत येतात. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही करारात छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि रूपांतर हे पाच हक्क पाच वेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत, आणि ज्यांचे काम प्रकाशक स्वतः करणार नाही ते देऊ नयेत. आवृत्तीच्या प्रतींची संख्या, लेखकप्रती आणि हिशेब देण्याचा महिना हेही लिहून घ्यावे.

पैशांची अपेक्षा आकड्यांत ठेवावी. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, स्वामित्वधन (रॉयल्टी) दहा टक्के आणि आवृत्ती पाचशे प्रतींची असेल, तर सगळी आवृत्ती संपल्यावर १५,००० रुपये मिळतात, आणि ती संपायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. म्हणून पहिल्या पुस्तकाच्या भरवशावर नोकरी सोडू नये. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या लेखकाला १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० क्यूक्यूबीखाली साहित्यिक पुस्तकांच्या स्वामित्वधनावर तीन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे. कायद्यात बदल होत असल्याने त्या वर्षीची तरतूद कर सल्लागाराकडून तपासून घ्यावी. प्रकाशकाकडून येणारे हिशेबपत्रक, आलेल्या रकमेची पावती, दिवाळी अंकांची मानधने आणि टपाल व छपाईचा स्वतःचा खर्च यांसाठी एक वेगळी वही ठेवावी. हिशेब ठरलेल्या महिन्यात आला नाही, तर त्याच महिन्यात पत्र लिहावे, कारण वर्षभराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला आणखी एक वर्ष जाते.